मनाचे आजार आणि दवाखान्याचे रजिस्टर

संशोधन हा शब्द धुळ्याच्या माणसाला परका नाही. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस याच गावी वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. राजवाड्यांनी केले काय? ते गावोगाव हिंडले. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कोनाड्यात धूळ खात पडलेली दप्तरे त्यांनी सोडवली. त्या कागदांत बहुधा असे काय, तर हिशेब, वतनाचे तंटे, खुशालीची पत्रे. लिहिणाऱ्या कारकुनांना आपण इतिहास लिहीत आहोत याची गंधवार्ताही नव्हती. रोजचे काम त्यांनी रोज लिहून ठेवले, एवढेच. पुढे कुणीतरी ते एका जागी आणून वाचले, म्हणून त्याचा इतिहास झाला.

यंदा चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही मनाच्या आजारांवरचे संशोधन असे सांगितले. ते जरा चपापले. युनियनचा माणूस बोनस, ग्रॅच्युइटी, किमान वेतन यांवर बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. शिवाय आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गावच्या वाचनालयात पुष्कळ, अशा उलट्या प्रमाणात झालेले. डॉक्टरांच्या प्रांतात आम्ही शिरावे कशाला? पण राजवाड्यांना जी दप्तरे पायपीट करून शोधावी लागली, तसलीच दप्तरे आज जळगाव-धुळ्याच्या सरकारी दवाखान्यांत रोज तयार होत आहेत आणि रोज कपाटात जात आहेत. ती कपाटे उघडण्याशी आमचा संबंध कसा आला, ते सांगितले म्हणजे शंका राहणार नाही.

आमच्या युनियनचा एक सभासद जळगावच्या एका डाळ मिलमध्ये कामाला होता. नाव सांगत नाही; का सांगत नाही ते पुढे येईल. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने धट्टाकट्टा. एका पावसाळ्यात त्याची झोप उडाली. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवते, भिंतीपलीकडून आपल्याबद्दल बोलते, असे तो म्हणू लागला. घरच्यांनी आधी भगताकडे नेले, मग आमच्याकडे आणले, आणि आम्ही त्याला सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात नेले. औषध सुरू झाले. दोन-अडीच महिन्यांत गडी पुन्हा पोती उचलू लागला. आम्हीही निश्चिंत झालो, आणि तेच चुकले. पुढे आठ-नऊ महिन्यांनी तो एका रात्री घरातून निघून गेला. पाचव्या दिवशी भुसावळ स्टेशनच्या एका फलाटावर सापडला, तेव्हा त्याने आईलासुद्धा ओळखले नाही.

दवाखान्यात जाऊन आम्ही रजिस्टर पाहायला मागितले. तेथील सिस्टरबाईंनी त्याच्या आईसमोर, तिच्या संमतीने त्याची नोंद दाखवली. पहिल्या तारखेला ‘नवीन’, पुढच्या दोन तारखांना ‘जुना’, आणि नंतर काही नाही. तो यायचा थांबला हे त्या पानावर कुठेच लिहिलेले नव्हते, कारण जो आला नाही त्याच्यासाठी रजिस्टरात ओळच नसते. महिन्याच्या अहवालात नवीन इतके, जुने इतके, असे आकडे वर जातात. त्या महिन्याचा आकडा बहुधा चांगलाच दिसला असेल. एक गेला असेल, तर दुसरा आला असेल.

बरा झाल्यावर आम्ही त्याला विचारले, ‘का रे बाबा, गोळ्या का सोडल्या?’ तो म्हणाला, गोळी घेतली की सकाळी डोळा उघडत नाही, उशीर झाला की मुकादम अर्धा दिवस कापतो. आणि गोळ्या आणायला जायचे म्हणजे अख्खा दिवस बुडतो, वर एस.टी.चे भाडे. बस्स, एवढेच कारण! रोगाबद्दल गैरसमज नाही, डॉक्टरांवर राग नाही. दीड दिवसाच्या मजुरीचा हिशेब त्याने मनाशी केला आणि गोळ्या सोडल्या. गोळी सकाळऐवजी संध्याकाळी लवकर घेता येईल का, मात्रा कमी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारता आले असते. पण डॉक्टरांना अडचण ठाऊक नव्हती आणि याला विचारायचे धाडस नव्हते.

आता येथे युनियनचा माणूस म्हणून आमचा प्रश्न सुरू होतो. गेटवर एखादा कामगार तक्रार घेऊन आला की आम्ही पहिल्यांदा पाहतो, ही एकट्याची तक्रार आहे की सगळ्या खात्याची? एकट्याची असेल तर मालकाशी दोन शब्द बोलून भागते. खात्याची असेल तर मोजावी लागते: किती जणांची, कोणत्या पाळीत, किती दिवसांपासून. मोजल्याशिवाय केलेली मागणी मालक हसण्यावारी नेतो. संशोधन म्हणजे आमच्या समजुतीप्रमाणे दुसरे काही नाही. मग या सभासदासारखे मजुरीपायी औषध सोडणारे आपल्या दोन जिल्ह्यांत किती? जळगावच्या डाळ मिल आणि चटईचे कारखाने, धुळ्याचे यंत्रमाग, चोपडा-यावल-रावेरचे केळीचे मळे, साक्री-शिरपूरकडचा शेतमजूर, यांत कुणाचे कारण मजुरी आणि कुणाचे आणखी काही? हे आज मोजलेले नाही.

वाचक म्हणतील, एवढी मोठी सरकारी यंत्रणा आहे, तिने मोजले असेल. थोडे मोजले आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. मनाचे आजार असलेल्या शंभरांपैकी सत्तर ते ब्याण्णव जणांना, आजाराच्या प्रकारानुसार, उपचार मिळत नाहीत असे त्यात आढळले. पण ते सर्वेक्षण बारा राज्यांत झाले आणि महाराष्ट्र त्या बारांत नव्हता. मग खानदेश कुठला असणार! राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. तापीकाठी त्यांतले एकही नाही.

सुदैवाने सारा भार मनोरुग्णालयांवर टाकायचा नाही, असे धोरण देशाने १९८२ सालीच ठरवले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात निम्हान्सने तो प्रत्यक्ष करून पाहिला, आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम या नावाने तो जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, परिचारिका अशी तुकडी त्यात धरलेली असते, आणि नोंदी ठेवणारा एक सहायकही असतो. हा शेवटचा माणूस आम्हांस महत्त्वाचा वाटतो. त्याच्या जोडीला धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ साली सुरू झालेले जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे कापूसही आहे आणि चरखाही आहे. सूत तेवढे कातायचे राहिले आहे.

ते एकट्या दवाखान्याने का कातू नये? कारण एका दवाखान्याचे आकडे थोडे असतात आणि त्यांवर एका डॉक्टरच्या सवयीची छाया असते. शिवाय माणूस एका जागी राहत नाही. साक्रीकडचा मजूर ऊसतोडीला जातो, नाहीतर सुरतेला. धुळ्याच्या रजिस्टरात तो हरवलेला. प्रत्यक्षात तो दुसऱ्या गावी औषध घेत असेल, किंवा नसेलही. म्हणून दोनचार दवाखान्यांनी मिळून एकच प्रश्न घ्यावा, तो एकाच रीतीने मोजावा, आणि मोजलेले एका जागी आणून वाचावे. डॉक्टर लोक याला संशोधनाचे जाळे म्हणतात. नाव मोठे आहे, पण बांधणी आमच्या फेडरेशनसारखीच.

‘एकाच रीतीने’ हे म्हणायला सोपे, करायला कठीण. समजा, उपचार सोडणाऱ्यांची गळती मोजायची आहे. एक दवाखाना म्हणतो, ठरल्या तारखेला आला नाही की गळाला. दुसरा म्हणतो, तीन महिने आला नाही तर गळाला. पहिल्याचा आकडा फुगणार, दुसऱ्याचा आक्रसणार, आणि कुणीतरी शहाणा दोन्ही शेजारी मांडून पहिला दवाखाना वाईट ठरवणार. गिरणी-कारखान्यांत हे आम्ही कितीदा पाहिले आहे! एका ठिकाणी अर्धा दिवस उशिरा आलेल्याचा खाडा लावतात, दुसऱ्या ठिकाणी लावत नाहीत. मग दोन कारखान्यांच्या गैरहजेरीची तुलना करून कामगाराला आळशी ठरवतात. मस्टर एक नसेल तर बेरीज खोटी. तेव्हा पहिल्या बैठकीत काही भव्य करायचे नाही. गळती कशाला म्हणायचे एवढेच ठरवायचे. त्यावर दोन तास भांडण झाले तरी ते भांडण फुकट जाणार नाही.

आणि त्याहून अवघड भाषेचे. नैराश्य ओळखण्यासाठी नऊ प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत असे असे किती दिवस वाटले, असे तीत विचारतात. मराठीतही ती आली आहे. पण उदास, निराश, स्वारस्य हे शब्द घेऊन तुम्ही अमळनेरच्या बाजारात उभे राहा, आणि कुणी ते आपण होऊन बोलते का पाहा. आमच्याकडची बाई ‘जीव घाबरस’ म्हणेल. डोके भणभणते, हातपाय गळतात, झोप येत नाही, घास उतरत नाही, एवढे सांगेल. उदास आहात का असे विचारले तर ‘नाही’ म्हणेल, आणि त्या ‘नाही’ची गणना होईल. अहिराणीत एक रीत, लेवा बोलीत दुसरी, सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा वस्तीत तिसरी. मनाविषयी जळगावात बोलायचे आणि असोद्याच्या बहिणाबाईंचे नाव घ्यायचे नाही, हे बरे दिसत नाही, म्हणून एवढेच म्हणतो, की मनाबद्दल बोलायला या मुलखाला शब्द कमी पडत नाहीत. ते कागदावर आणणारा कमी पडतो. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते भराभर उतरवून घेत. त्यातून ‘गीता प्रवचने’ झाली. विनोबा बोलले ते गुरुजींनी आपल्या अलंकारांनी नटवले असते, तर ते पुस्तक विनोबांचे राहिले नसते. रोगी ‘जीव घाबरस’ म्हणाला तर रकान्यात तेच उतरले पाहिजे. त्याचे शास्त्रीय नाव शेजारी डॉक्टरांनी खुशाल लिहावे.

असे काम इतरत्र झाले आहे का? झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने साठीच्या दशकात स्किझोफ्रेनिया या आजाराचा नऊ देशांत एकाच पद्धतीने अभ्यास केला. लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन यांच्या पंक्तीला आपले आग्रा होते. पुढच्या पाहणीत आग्रा आणि नायजेरियातले इबादान येथले रोगी श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे निघाले, याचे सर्वांना नवल वाटले. त्या निष्कर्षावर अद्याप वाद आहे, आणि एकत्र कुटुंबाची थोरवी गाण्यासाठी तो फार स्वस्तात वापरला जातो असे आमचे मत आहे. ते असो. आपल्याला जवळची उदाहरणे गोवा आणि अमरावतीची.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने बारा सरकारी आणि बारा खाजगी दवाखाने घेतले. प्रत्येक प्रकारातल्या काहींत नैराश्य आणि चिंता असलेल्या रोग्यांना शिकवून तयार केलेल्या साध्या समुपदेशकांची मदत दिली, बाकीच्यांत नेहमीचाच उपचार ठेवला. समुपदेशक म्हणजे डॉक्टर नव्हेत; स्थानिक माणसेच. निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. सरकारी दवाखान्यांत मदत मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांत शंभरी सुमारे सहासष्ट बरे झाले, न मिळालेल्यांपैकी सुमारे बेचाळीस. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे या पद्धतीचा खरा उपयोग ओपीडीच्या गर्दीत, जिथे डॉक्टरला दोन मिनिटे मिळतात, तिथेच झाला. मोठ्या शहरातल्या इस्पितळात निवडक रोगी घेऊन तपासले असते तर हे कधी कळलेच नसते. नेहमीच्या सेवेत राहून संशोधन करायचे ते यासाठी.

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. कापसाचा मुलूख, कर्ज, आत्महत्या, आपल्यासारखेच. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर मनाच्या आजाराची बोलणी सुरू केली आणि गरज पडेल त्याला तज्ज्ञापर्यंत पोचवले. आरंभी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी चारपाच जण कुठेतरी मदत मागत. दीड वर्षाने सत्तावीस मागू लागले. हे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झाले. मात्र शेजारी तुलनेसाठी वेगळी गावे ठेवलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पाचेच असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. करणाऱ्यांनीच ही उणीव मांडली, हे आम्हांस आवडले. कामगार पुढाऱ्यांनी हे शिकण्यासारखे आहे. आम्ही संपाच्या यशात आपली उणीव सहसा सांगत नाही.

आता ज्यांच्या खांद्यावर हे सारे येणार त्यांच्याविषयी. नवे रजिस्टर निघाले की ते आशाताईंच्या पिशवीत जाते. २००५ पासून या बायका गावोगाव राबत आहेत. गरोदर बाई, लसीकरण, क्षयरोग, आणि सगळ्यांच्या वेगळ्या वह्या. कागदोपत्री त्या स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, मोबदला. त्यांत मनाच्या आजाराची आणखी एक वही घालून तिला संशोधन म्हणायचे असेल, तर आमचा त्याला विरोध आहे. एक रकाना वाढला तर एक निरुपयोगी रकाना गेला पाहिजे, आणि तासांचा हिशेब होऊन मोबदला मिळाला पाहिजे. शिवाय त्यांनी भरलेल्या कागदांतून काय निघाले हे त्यांना कळले पाहिजे. एका आशाताईला आम्ही विचारले, एवढी वर्षे माहिती भरता, कधी कुणी निष्कर्ष सांगायला परत आले का? त्या हसल्या. ज्याला उत्तर कधी मिळत नाही, तो प्रश्न नीट विचारत नाही; रकाना भरायचा म्हणून भरतो. खोटी आकडेवारी बहुतेक वेळा अशीच जन्मते, लबाडीतून क्वचित.

डॉक्टरांची बाजूही सांगितली पाहिजे. ते म्हणतात, ओपीडीच्या दिवशी पाणी प्यायला उसंत नसते, संशोधन कसले करता! खरे आहे. म्हणूनच रोग्याजवळ दहा पानी प्रश्नावली न्यायची नाही. आहे त्याच रजिस्टरात दोन गोष्टी वाढवायच्या: पुढची ठरलेली तारीख, आणि ती चुकली तर चुकण्याचे कारण, रोग्याच्या शब्दांत. कारण विचारायला तज्ज्ञ लागत नाही. फोन लागतो आणि विचारणाऱ्याला ते काम म्हणून नेमून दिलेले असावे लागते.

नाव का सांगितले नाही, ते आता. त्या सभासदाला हलके काम मिळावे म्हणून आम्ही कारखान्याच्या व्यवस्थापकाला अर्ज लिहिला. उत्साहाच्या भरात आजाराचे नाव स्पष्ट लिहिले. आम्हांला वाटले, खरे कारण दिले की सहानुभूती मिळेल. संध्याकाळपर्यंत ते नाव सगळ्या पाळीला ठाऊक झाले. पोरे त्याला हाक मारण्याऐवजी हातवारे करू लागली, आणि पुढच्या महिन्यात त्याचे काम गेले. दोष आम्ही दुसऱ्या कुणावर टाकत नाही. अर्ज आमच्या हातचा होता. ‘डोक्यात विशेष गुंतागुंतीचे काम देऊ नये’ एवढे डॉक्टरी दाखल्याच्या आधाराने लिहिले असते तरी भागले असते.

तेव्हा रजिस्टर उघडायचे ते कुणासाठी, हे आधी ठरले पाहिजे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा याबाबत स्पष्ट आहे. रोग्याची माहिती गुप्त ठेवणे हा त्याचा हक्क. संशोधनासाठी मुलाखत घ्यायची किंवा नवा उपचार करून पाहायचा, तर त्याची समजून दिलेली, दबावाशिवायची संमती हवी. आणि ती कधीही मागे घेता येते. महाविद्यालयांतल्या नैतिक समितीची मान्यता त्याखेरीज. दवाखान्यांनी एकमेकांकडे आकडे पाठवावेत, नावे पाठवू नयेत. आणि संमती म्हणजे ओपीडीच्या खिडकीशी रांगेत उभे असताना उठवलेला अंगठा नव्हे. नाही म्हटले तर गोळ्या बंद होतील अशी भीती ज्याच्या पोटात आहे, त्याच्या होकाराला आम्ही होकार मानत नाही.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती पुष्कळ कामगारांना ठाऊक नसते. ईएसआयच्या विमेदाराला चौतीस दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपणाचा लाभ मिळतो. पात्रता पुरी असेल तर दोन वर्षांपर्यंत, मजुरीच्या ८० टक्के. त्या यादीत मनोविकारही आहे. आमच्या सभासदाला हा लाभ मिळाला असता. आम्हांला त्या वेळी माहीत नव्हते. असा लाभ किती जणांनी मागितला, किती जणांना मिळाला आणि मिळाल्यावर किती जणांचे औषध टिकले, हा जळगाव-धुळ्याने घ्यावा असा दुसरा प्रश्न.

बैठकीची जागा विचाराल तर पारोळे. जळगावहून निघालेला आणि धुळ्याहून निघालेला, दोघेही हमरस्त्याने तेथे पोचतात, आणि कुणाच्याच साहेबाचे ते कार्यालय नाही. तीन महिन्यांतून एकदा दोन्ही महाविद्यालयांचे डॉक्टर, सिस्टर, नोंदी ठेवणारे सहायक, दोनचार आशाताई, आणि त्यांच्या बरोबरीच्या खुर्चीवर रोगी आणि रोग्यांचे नातेवाईक बसावेत. नातेवाइकांना शोभेपुरते बोलावू नये. औषध का सुटते, हे डॉक्टरांपेक्षा आईला जास्त ठाऊक असते.

आमचा तो सभासद आता दुसरीकडे कामाला आहे. गोळी रात्री आठला घेतो. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. या लेखात त्याची गोष्ट घालू का, असे आम्ही त्याला विचारले. दोन दिवस विचार करून तो युनियनच्या कचेरीत आला. गोष्ट सांगा, म्हणाला, मिलचे नाव नको, माझे नको, गल्लीचे तर मुळीच नको. मग दवाखान्याच्या रजिस्टरात कारण लिहिले तर चालेल का, असे विचारले. चालेल म्हणाला. फक्त ते मुकादमाच्या टेबलावर जायला नको, आणि पुढे त्यातून काय निघाले ते कुणीतरी येऊन सांगितले पाहिजे. कोण येईल सांगायला, असे त्याने विचारले. आम्ही पारोळ्याच्या बैठकीचे सांगितले. तो म्हणाला, रविवारी असेल तर मीही येईन, मजुरी बुडणार नाही.